बिगारी ते कारागीर : जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थ्यांसाठी एक मार्ग

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत पाऊस विपुल पडतो. तथापि जमीन उताराची असल्याने पाणी वाहून जाते. भात, नागली व वरई ही खरिपाची पिके घरात आली की बहुतेक कुटुंबांस शेतात काम उरत नाही. दिवाळीनंतर अनेक वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे व नाशिककडे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

भट्टीवर जाणारे कुटुंब पुष्कळदा मालकाकडून आधीच उचल घेते. हंगामात खर्चीपुरते पैसे मिळतात. अखेरच्या हिशेबात उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर पडते. आईबापांबरोबर मूलही जाते व त्याची शाळा सुटते. पुढे तेही डोक्यावर घमेले घेते. माल कालविणे व वाहणे एवढेच काम येत असल्याने बिगारी वर्षानुवर्षे बिगारीच राहतो. ज्याच्या हाती ओळंबा, गुण्या व पाणसळ असते, त्या गवंड्यास मात्र अधिक मजुरी मिळते.

हे कौशल्य पद्धतशीरपणे शिकता येते. जव्हार व मोखाडा या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. या प्रशिक्षणपद्धतीत गवंडी व सुतार हे अभ्यासक्रम १ वर्षाचे व तारतंत्री हा २ वर्षांचा असून त्यांस आठवी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र ठरतो. वीजतंत्री या २ वर्षांच्या अभ्यासक्रमास दहावी लागते. कोणता अभ्यासक्रम कोठे चालतो, याची चौकशी संस्थेतच करावी. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. ते देशभर चालते.

त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. दहावीनंतर २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मागता येतो.

कारागिरास गाव सोडावेच लागेल असे नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यात प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधता ४५ दिवसांत गवंडीकाम शिकविण्याची तरतूद करण्यात आली. कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी समाजांच्या घरांसाठी २०२३ साली प्रधानमंत्री जनमन योजना आली. गावची घरे गावच्याच गवंड्याने बांधली, तर मजुरी गावात राहते व खरिपाची शेतीही सांभाळता येते.

जे आजच बांधकामावर आहेत, त्यांनीही नोंदणी करावी. वय १८ ते ६० वर्षे असून मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगारास राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. कामाच्या दिवसांचा दाखला वेळीच घेऊन ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच, उचल घेतली जाण्याआधी, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील आठवी ते दहावीच्या मुलामुलींची यादी करावी. त्यांच्या राहण्याची सोय हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे लावावी, तसेच जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे वसतिगृहांची चौकशी करावी. जातीचा दाखला व गुणपत्रिका उन्हाळ्यातच तयार ठेवाव्यात. मूल मार्चपर्यंत शाळेत टिकले, तरच पुढील प्रवेशाची वाट मोकळी राहते.