नकाशा चुकतो तेव्हा

मुलांनो, कथा ऐकताना ‘हे कोठे घडले?’ असा प्रश्न मनात सहज उभा राहतो. त्याचे उत्तर देणारा कथा-नकाशा आता संगणकावर तयार करता येतो. एखाद्या ठिकाणावर बोट टेकताच नकाशा तिकडे सरकतो आणि तेथील हकिगत व चित्र पुढे येते.

समजा, १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास गेले, त्या प्रवासाचा नकाशा तुम्ही केला. पन्हाळा सुमारे १६.८१ उत्तर अक्षांशावर व ७४.११ पूर्व रेखांशावर आहे. पण नकाशा उघडावा, तो पन्हाळा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंडगार समुद्रात! असे का व्हावे? नकाशा दाखवणारी ‘लीफलेट’ ही आज्ञावली आधी अक्षांश मागते. ‘जिओजेसन’ पद्धतीच्या माहितीत मात्र रेखांश आधी लिहितात. तेथले आकडे जसेच्या तसे उचलले, की ७४.११ हा अक्षांश ठरतो. अक्षांश ९० पर्यंत असतात. म्हणून यंत्राला त्यात काहीच वावगे वाटत नाही. चूक आपणच ओळखावी लागते. यासाठी प्रथम एकच ठिकाण मांडावे, ते भूगोलाच्या नकाशाशी ताडून पाहावे आणि मगच पुढची ठिकाणे घ्यावीत.

रंग, चित्रे व खुणा आपल्या आवडीप्रमाणे खुशाल निवडाव्यात. परंतु वाटेच्या ज्या भागाची खात्री नाही, तो अखंड रेषेने न दाखवता तुटक रेषेने दाखवावा. नकाशा सुंदर असावा; पण त्याआधी तो खरा असावा.