पाठ टेकली की नाही, हे कोण सांगणार? कुस्तीचा पंच आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि व्यावसायिक खेळांचं भवितव्य’ असा भारदस्त विषय घेऊन आम्ही उदगीरला आलो खरे, पण इथं क्रिकेटपासून सुरुवात करायची हिंमत आमच्यात नाही. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरमध्येच महाराष्ट्र केसरी झाले, पुढं रुस्तम-ए-हिंद झाले. तेव्हा इथं पहिला मान मातीचा. कुस्तीपासूनच सुरू करू.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होती. गादी विभागाच्या अंतिम लढतीत एका बाजूला नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे, दुसऱ्या बाजूला पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. राक्षेचं म्हणणं, माझी पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा. वाद वाढला, राक्षेनं पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी मोहोळविरुद्धच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून आखाड्याबाहेर गेला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. ती क्लिप तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. दहा जणांनी पाहिली असेल तर अकरा मतं झाली असतील.

पंचावर हात किंवा पाय उचलणं चूकच, त्यात दुमत नको. पण आमच्या डोक्यात दुसराच प्रश्न राहिला. पैलवानाची उमेदीची वर्षं किती? विशीपासून तिशीपर्यंत, फार तर थोडी पुढं. त्यातली तीन वर्षं एका क्षणाच्या निर्णयापायी आणि त्यानंतरच्या रागापायी गेली तर काय उरतं? महाराष्ट्र केसरीची गदा नुसती शोभेची नसते. त्या गदेवर पुढच्या जत्रांतलं इनाम ठरतं, मानाची कुस्ती कुणाला द्यायची ते ठरतं, कधी सरकारी नोकरी ठरते. घरच्यांनी जमीन गहाण टाकून खुराक पुरवलेला असतो. म्हणजे पंचाच्या एका शिट्टीवर एका घराचा हिशेब अवलंबून असतो.

आणि हे एकदाच झालेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. डाव पुरता बसलाच नव्हता, चार गुण कसले, असं म्हणत सिकंदरचे चाहते कितीतरी दिवस व्हिडिओ थांबवून थांबवून एकमेकांना पाठवत होते. त्या वर्षी गदा राक्षेला मिळाली होती. म्हणजे तीच मंडळी, तोच वाद, फक्त बाजू बदललेल्या.

मग लोक साहजिकच विचारतात: फुटबॉलमध्ये यंत्र ऑफसाइड सांगतं, टेनिसमध्ये चेंडू रेषेच्या आत की बाहेर ते सांगतं, मग कुस्तीत का नाही?

फुटबॉलमध्ये यंत्र नेमकं काय करतं ते आधी बघू. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात स्टेडियमच्या छपराखाली १२ कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, म्हणजे गुडघा, खांदा, पायाचा अंगठा वगैरे, ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूत बसवलेला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. त्यावरून पास दिला त्या क्षणी कोण कुठं होता याचं चित्र तयार व्हायचं. ऑफसाइडचा इशारा यंत्राकडून यायचा, तो तपासून निर्णय माणूस द्यायचा.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. फुटबॉलचे खेळाडू बहुतेक वेळ एकमेकांपासून सुटे असतात. पैलवान तसे नसतात. आम्ही एका तालमीतल्या पोरांच्या सरावाचा व्हिडिओ काढला आणि सांधे ओळखणाऱ्या एका मोफत प्रोग्रामला दाखवला. सलामी झाली तोवर सगळं झकास, दोन माणसं, दोन सांगाडे. एकानं दुहेरी पट काढला आणि गोंधळ सुरू झाला. खालच्या पोराचा हात प्रोग्रामनं वरच्याला जोडला. भारंदाज बसला तेव्हा तर पडद्यावर एकच माणूस, चार पायांचा. बाजूला उभे असलेले वस्ताद हसून म्हणाले, “सर, ह्याला आधी दोन वर्षं तालमीत झोपवा.”

वस्तादांचं म्हणणं चेष्टेतलं असलं तरी बरोबर होतं. अंगं एकमेकांत गुंतली की कॅमेऱ्याला जे दिसत नाही त्याचा यंत्र अंदाज बांधतं. आणि चितपट नेमकी तिथंच होते जिथं सगळ्यात कमी दिसतं, खालच्याच्या पाठीखाली. जास्त कॅमेरे लावा, गादीच्या पातळीवर लावा, गादीखाली दाब मोजणारे सेन्सर घाला, बरंच सुधारेल. मातीच्या हौदात मात्र हे सेन्सर कुठं घालणार? शिवाय यंत्र ज्या व्हिडिओंवरून शिकतं ते बहुतेक आंतरराष्ट्रीय गादीवरचे असतात. माळेगावच्या जत्रेतली धूळ, हलगी आणि आखाड्याच्या कडेला वाकलेली गर्दी त्यानं कधी पाहिलेली नसते.

समजा, हे सगळे अडथळे पार झाले. तरी खरी अडचण पुढंच आहे, आणि आमच्या मते याच ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. आपण म्हणतो, पाठ टेकली की चितपट. आंतरराष्ट्रीय नियम इतका सोपा नाही. दोन्ही खांदे गादीला लागले पाहिजेत, ते प्रतिस्पर्ध्यानं दाबून धरलेले असले पाहिजेत, आणि तो पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ती स्थिती टिकली पाहिजे. खांदे लागले का, हे मोजता येतं. ताबा होता का, तो पुरेसा वेळ होता का, हे ठरवावं लागतं. पहिलं काम यंत्राचं. दुसरं यंत्राला शिकवायचं तर माणसांनी आधी दिलेले हजारो निर्णय त्याच्यापुढं ठेवावे लागतील. मग ते काय शिकेल? त्या पंचांच्या सवयी. त्यांनी मोठ्या नावाच्या पैलवानाला झुकतं माप दिलं असेल तर तेही शिकेल, आणि वर आपण म्हणणार की यंत्र निःपक्षपाती आहे!

क्रिकेटवाल्यांनी यातून एक वाट काढली. डीआरएसमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना चेंडू यष्टीला निसटता लागतोय असं दिसलं तर ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे मैदानावरच्या पंचानं जे दिलं तेच कायम. लोक त्यावर चिडतात. आम्हाला मात्र तो नियम फार प्रामाणिक वाटतो. चेंडू पुढं कुठं गेला असता हा अंदाज आहे आणि अंदाजात चूक असते, हे तिथं उघड कबूल केलेलं आहे. कुस्तीत यंत्र आलं तर त्यानंही ‘मला इथवरच दिसलं’ असं सांगायला हवं.

आता टेनिस. विम्बल्डननं २०२५ पासून रेषेवरचे पंच काढून टाकले, सगळं यंत्राकडे दिलं. त्याच वर्षी पावल्युचेन्कोवा आणि सोनाय कार्टल यांच्या सामन्यात कार्टलचा एक चेंडू स्पष्ट बाहेर पडला, पण यंत्र गप्प! कोर्टच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद झाली होती. खुर्चीवरच्या पंचानं काय करावं? बाहेर म्हणून गुण देण्याऐवजी तो गुण पुन्हा खेळायला लावला. पावल्युचेन्कोवा सामना जिंकली म्हणून बरं. एकदा निर्णय यंत्राकडे सोपवला की समोर दिसणारी गोष्ट बोलायची सवयही माणसाची जाते.

त्या मानानं जिम्नॅस्टिक्सची पद्धत आम्हाला पटते. तिथं २०१९ च्या श्टुटगार्ट विश्व अजिंक्यपद स्पर्धेपासून यंत्राची मदत घेतली जाते. गुण माणसंच देतात. शंका आली किंवा कुणी दाद मागितली तर शरीराचा कोन यंत्राकडून तपासतात. कुस्तीतही पाठीचा गादीशी कोन नव्वद अंशांपेक्षा कमी झाला का, यावर धोक्याची स्थिती ठरते. हे काम उद्या यंत्रानं खुशाल करावं. बाहेरची टांग चार गुणांची की दोनाची, हा वाद त्यानं बराच मिटेल.

दाद मागण्यावरून खाशाबा जाधव आठवतात. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. एक कुस्ती संपल्यावर विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं, आणि नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. अशा अन्यायावर कॅमेरा काय करणार? आज आंतरराष्ट्रीय कुस्तीत चॅलेंजची सोय आहे. कोपऱ्यातल्या माणसानं गादीवर मऊ ठोकळा टाकायचा, की व्हिडिओ तपासला जातो. चॅलेंज चुकलं तर समोरच्याला एक गुण. पण ठोकळा टाकणारा माणूस नियम जाणणारा हवा. आपल्या पोरांच्या कोपऱ्यात बऱ्याचदा चुलता उभा असतो. माया भरपूर, नियमांचं पुस्तक मात्र कधी उघडलेलं नसतं.

दुखापतीचा अंदाज, लिलावात कुणावर किती बोली लावायची, हे सगळं आयपीएलसारख्या पैशाच्या खेळात आकडेवारीवर चालतं. त्यावर वेगळं व्याख्यान होईल. एवढंच सांगतो: उद्या एखाद्या पोराच्या गुडघ्याची माहिती त्याच्याआधी संघमालकाकडे गेली, तर त्या पोराला सौद्यात बोलायला जागा उरणार नाही. करारावर सही करताना ही माहिती कुणाच्या मालकीची, हे विचारून घ्या.

शेवटी मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न घेतो. “आमच्या गावच्या मैदानात लाखांचे कॅमेरे येणार नाहीत. मग आम्ही काय करायचं?” साधं आहे. आखाड्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना दोन मोबाइल स्टँडवर लावा, कमरेच्या खाली, पैलवान खाली गेल्यावर खांदा दिसेल असे. समोर गर्दी वाकू देऊ नका. सलामीपासून निकालापर्यंत सलग चित्रण करा, मध्ये थांबवू नका. वाद झाल्यास पंचांनी दोन्ही बाजू बघूनच निकाल द्यायचा, आणि तसं मैदान सुरू होण्याआधीच हलगी थांबवून भोंग्यावरून सांगून टाका. पंच तयार होत नसतील तर दोन्हीकडच्या वस्तादांना आधी तयार करा.