गाताना अडत नाही, मग बोलतानाच का?

भिवंडीजवळच्या आमच्या गावात एकादशीच्या भजनाला पहिला अभंग मी धरतो आणि शेवटच्या गजरापर्यंत कुठेच अडत नाही. मग कुणी पाहुणा माइक पुढे करतो, "बुवा, नाव काय तुमचं?" आणि माझ्याच नावाचं पहिलं अक्षर ओठांवर अडून बसतं. ओठ घट्ट मिटतात, गळ्याची शीर ताठते, आवाज म्हणून निघत नाही. मागून ऐकू येतं, "आत्ता तर खणखणीत गात होता. मुद्दाम करतो."

मुद्दाम कुणी करत नाही. गाण्यात शब्द, सूर, लय आधीच ठरलेली असते. स्वर लांबतो, आवाज मध्ये तुटत नाही, मृदंग पुढची मात्रा दाखवतो आणि मागे टाळकऱ्यांची साथ असते. बोलताना शब्द शोधायचा, तो कधी सोडायचा ते ठरवायचं, समोरच्याचा चेहराही वाचायचा, तेही सगळं एका क्षणात. तोतरेपणात मेंदूचं हेच वेळेचं गणित अडतं. लूमच्या कारखान्यातही मी बराच मोकळा बोलतो, कारण मागांच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. कानांवर मोठा आवाज असला की अडखळणं कमी होतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. बाहेर टपरीवर चहा मागताना पुन्हा तेच.

म्हणूनच "गाणं शीक, बरा होशील" हेही खरं नाही. गाण्यातली सफाई गाण्यापुरती राहते. अमेरिकी ब्लूज गायक बी. बी. किंग गात असत मोकळे, बोलताना अडखळत. हृतिक रोशनने मोठा नट झाल्यावरही बोलण्याचा सराव करावा लागतो, हे स्वतःच सांगितलं आहे. मला सर्वात जवळचा वाटतो तो अमेरिकेचा जॉन लार्किन. बोलावं लागू नये म्हणून त्याने पियानोचा आडोसा घेतला आणि वर्षानुवर्षं जॅझ वाजवलं. १९९४मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, 'स्कॅटमॅन' या नावाने तो गायला, तेही स्वतःच्या तोतरेपणावरच. तराण्यासारखे निरर्थक बोल तो झरझर म्हणायचा. त्याचं अडखळणं मात्र गेलं नव्हतं. त्याने ते लपवणं सोडलं होतं.

आपल्या भाषेनेही गोंधळ वाढवला आहे. भीतीने 'बोबडी वळते' म्हणतात, म्हणून तोतरा तो भित्रा असं धरून चालतात. बोबडा 'र'ला 'ल' म्हणतो. तोतऱ्याला 'र' नीट येतो, फक्त वेळेवर सुटत नाही. भीतीने त्रास वाढतो, पण मूळ भीतीत नाही. हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. २०१०मध्ये संशोधकांना याच्याशी जोडलेले काही जनुकीय बदलही सापडले. कुणाची नक्कल केल्याने हे लागत नाही.

लहानपणी शंभरातली साधारण पाच मुलं अडखळतात आणि त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात. मोठ्यांत हे प्रमाण शंभरात एक. तरीही काही महिने अडखळणं टिकलं, किंवा मूल बोलायचं टाळू लागलं, तर वेखंड चाटवत बसू नका, वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

टाळण्याची किंमत मी मोजली आहे. एसटीत 'पडघा' ओठांवर येईना म्हणून शहापूरचं तिकीट काढायचो आणि पडघ्याला उतरायचो. पैसे जास्त गेले त्याचं काही नाही, पण कंडक्टर थांबेल यावर माझा विश्वास नव्हता.

म्हणून एक विनंती. "हळू बोल", "श्वास घे" म्हणू नका आणि आमचा शब्द तुम्ही पुरा करू नका. माइक पुढे केलात तर तो तसाच धरून ठेवा. नाव मीच सांगेन.