खडी, घरं आणि मतं

मॅनी विल्यार यांच्याबद्दल फिलिपिन्समध्ये कुणालाही विचारलं, तर आधी कोळंबीची गोष्ट ऐकायला मिळते. 1949 साली मनिलातल्या तोंदो या दाटीवाटीच्या वस्तीत जन्म, एकूण भावंडं नऊ, वडील सरकारी नोकरीत. आई दिविसोरियाच्या बाजारात मासळी आणि कोळंबी विकायची आणि लहानगा मॅनी तिच्या हाताखाली असायचा. गोष्ट खरीच आहे, पण ती ऐकून एवढा पैसा आला कुठून हे काही समजत नाही. त्यासाठी खडीपासून सुरुवात करायला हवी.

विल्यार यांनी फिलिपिन्स विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली, पुढे एमबीए केलं आणि एका नामांकित हिशेबतपासनीस कंपनीत नोकरी धरली. ती सोडून मकातीतल्या हॉटेलांना मासळी पुरवायला लागले. एका हॉटेलाने पैसे थकवले, तेव्हा त्यांनी त्या हॉटेलाच्या जेवणाची कुपनं छापून घेतली, ती आसपासच्या कचेऱ्यांतल्या लोकांना सवलतीत विकली आणि आपली रक्कम वसूल केली. मग पुन्हा थोडे दिवस वित्तसंस्थेत नोकरी. 1975 साली 10,000 पेसो भांडवलावर दुरुस्त केलेले दोन जुने ट्रक घेऊन त्यांनी मनिलाच्या दक्षिणेकडच्या लास पिन्यासमध्ये वाळू आणि खडी पोचवण्याचा धंदा सुरू केला.

खडी पुरवणाऱ्याला गावातलं बांधकाम आतून दिसतं. कुठल्या बाजूला वस्ती सरकतेय, बिल्डरला घर किती पेसोंना पडतं आणि तो ते कितीला विकतो, हे त्याला रोजच्या व्यवहारातून कळत जातं. तेव्हाची रीत अशी होती, की माणसाने आधी प्लॉट घ्यायचा आणि जमेल तेव्हा त्यावर घर बांधायचं. पगारदार माणसाची उमेद प्लॉटच्या हप्त्यांतच संपायची. विल्यार यांनी प्लॉट आणि त्यावरचं लहानसं तयार घर एकत्र, एकाच किमतीत विकायला काढलं. एका साच्याची शेकडो घरं एकदम बांधली की प्रत्येक घराचा खर्च उतरतो. त्यांच्या ‘कामेला’ या नावाच्या वसाहती पुढे देशभर उभ्या राहिल्या.

पण घेणाऱ्याकडे पैसे कुठे होते? इथे सरकार येतं. 1978 साली ‘पाग-इबिग’ हा गृहनिधी सुरू झाला. नोकरदारांच्या वर्गणीतून पैसा जमायचा आणि त्यातून घरासाठी लांब मुदतीचं कर्ज मिळायचं. अशा गृहकर्जात घेणारा थोडी रक्कम आधी भरतो, उरलेली निधी बिल्डरला देतो आणि पुढची अनेक वर्षं घेणारा निधीचे हप्ते फेडत राहतो. म्हणजे बिल्डरचे पैसे लवकर मोकळे होतात आणि पुढच्या जमिनीत जातात. शिवाय आखाती देशांत, जहाजांवर, हाँगकाँगच्या घरांत राबणारे लाखो फिलिपिनो दर महिन्याला घरी पैसे पाठवत होते. परदेशी राबणाऱ्याचं पहिलं स्वप्न आपलं घर हेच असायचं आणि विल्यार यांनी हे गिऱ्हाईक नेमकं हेरलं.

खरी कमाई मात्र विटांपेक्षा जमिनीत होती. शहराबाहेरची पडीक जमीन हेक्टरच्या भावाने घ्यायची आणि चौरस मीटरच्या भावाने विकायची. मधल्या काळात तिथवर रस्ता पोचला की भाव आपोआप चढतो. यात धोकाही होताच. त्यांची सी अँड पी होम्स 1995 साली शेअर बाजारात आली आणि 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात कर्जाखाली दबली. कर्जाची फेररचना करून सावरायला काही वर्षं गेली. 2007 साली व्हिस्टा लँड या नव्या नावाने ते पुन्हा बाजारात उतरले.

राजकारण घरातच होतं. पत्नी सिंथिया या लास पिन्यासच्या आगिलार घराण्यातल्या, आणि त्यांचे वडील तिथले महापौर होते. 1992 साली विल्यार त्याच भागातून काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि 1998 मध्ये सभापती झाले. 13 नोव्हेंबर 2000 रोजी त्यांनी जे केलं, ते आजही सांगितलं जातं. राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्यावर जुगाराच्या हप्त्यांचे आरोप होते. महाभियोग सिनेटकडे पाठवायला कनिष्ठ सभागृहातल्या एक तृतीयांश सदस्यांच्या सह्या पुरतात. सभागृहाच्या प्रार्थनेपाठोपाठ विल्यार यांनी आरोपपत्र वाचलं, हातोडा आपटला आणि प्रकरण सिनेटकडे रवाना केलं. एस्त्रादांचे समर्थक हरकत घ्यायला उठेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच दिवशी त्यांचं सभापतिपद गेलं, पण देशभर नाव झालं. तिथे सिनेटचे 24 सदस्य अख्ख्या देशाच्या मतांवर निवडून येतात, त्यामुळे देशभरचं नाव हे मोठं भांडवल. 2001 साली ते सिनेटर झाले आणि 2006 मध्ये सिनेटचे अध्यक्ष.

जमीन आणि सत्ता एकाच माणसाकडे असली की प्रश्न उठणारच. 2008 साली सिनेटर पान्फिलो लाक्सोन यांनी दाखवून दिलं, की अर्थसंकल्पात मनिलाच्या सी-5 रस्त्याच्या विस्तारासाठी 20 कोटी पेसो दोनदा धरले आहेत. रस्ता विल्यार यांच्या जमिनींजवळून वळवला, असाही आरोप झाला. त्यांनी सगळं नाकारलं. नोव्हेंबरमध्ये त्यांचं सिनेटचं अध्यक्षपद गेलं. चौकशीनंतर निंदेची शिफारस झाली, पण ती सभागृहात मंजूर झाली नाही. माझ्या मते इथे दोनदा धरलेल्या रकमेपेक्षा रस्त्याचा नकाशा जास्त बोलका आहे. खडीच्या दिवसांपासून त्यांचा धंदा रस्ता कुठे जाणार या अंदाजावरच उभा होता, आणि आता अंदाज करायची गरजच उरली नव्हती.

2010 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी कोळंबीची गोष्ट पणाला लावली. नारिंगी रंग, गरिबीवरचं तोंडपाठ होणारं जाहिरातगीत, टीव्हीवर जाहिरातींचा पाऊस. वर्षाच्या सुरुवातीला पाहण्यांमध्ये ते बेनिग्नो आकिनो यांच्या अगदी जवळ पोचले होते. मग वृत्तपत्रांनी लहानपणाची कागदपत्रं काढून कुटुंब खरंच तितकं गरीब होतं का, असं विचारायला सुरुवात केली. मावळत्या राष्ट्राध्यक्ष आरोयो यांचे ते छुपे उमेदवार आहेत हा आरोपही चिकटला. आकिनो यांना सुमारे 42 टक्के, एस्त्रादा यांना 26 आणि विल्यार यांना 15 टक्के मतं मिळाली.

धंदा मात्र वाढतच राहिला. मॉल आले, किराणा आणि घरसामानाची दुकानं आली, गावोगावच्या पाणी मंडळांशी करार करणारी प्राइमवॉटर आली. दफनभूमी विकणारी त्यांची कंपनी 2016 साली साडेदहा पेसोंना शेअर बाजारात आली आणि काही वर्षांत तिचा भाव शेकड्यांत गेला. बहुतेक शेअर विल्यार यांच्याच हातात, बाजारात फिरणारे मोजके. त्यामुळे थोड्या व्यवहारांवरही भाव चढू शकतो आणि चढला की सगळ्या साठ्याची कागदी किंमत फुगते. 2019 पासून फोर्ब्सच्या याद्यांत ते फिलिपिन्सचे सर्वांत श्रीमंत गृहस्थ ठरू लागले, त्यात या शेअरचा वाटा मोठा होता. 2025 मध्ये वार्षिक अहवाल वेळेत न दिल्याने या कंपनीच्या शेअरचे व्यवहार थांबवण्यात आले.

सिंथिया 2013 पासून बारा वर्षं सिनेटर होत्या. मुलगा मार्क राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या सरकारमध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री होता, म्हणजे रस्त्यांचंच खातं, आणि 2022 साली तो सिनेटर झाला. 2025 च्या मे महिन्यात मुलगी कामिलही सिनेटमध्ये पोचली. त्याच निवडणुकीच्या आधी प्राइमवॉटरच्या कोरड्या नळांच्या तक्रारी देशभर गाजत होत्या. आणि त्याच निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या लास पिन्यासच्या जागेवर सिंथिया विल्यार एका नगरसेवकाकडून हरल्या.