आम्ही काय बँडवाले आहोत?

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. विद्यानगरातील एका स्नेह्यांच्या घरी लग्न होते. कुटुंब जुने. निजामी अमदानीत पणजोबा मराठवाड्यातून नोकरीसाठी हैदराबादेस आले आणि इथलेच झाले. स्नेही म्हणाले, "मास्तर, सीमांतपूजनाला भाड्याचा बँड नको. तुमचा रविवारचा बँड उभा करा, घरचे वाटेल." मला आनंद झाला, हे सांगावयास नको.

हा रविवारचा बँड म्हणजे नऊ जणांचे हौशी बिऱ्हाड. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ युफोनियम वाजवितात. एक इंजिनिअर ट्राँबोन ओढतो. दोघे सख्खे भाऊ क्लॅरिनेट आणि साइड ड्रम सांभाळतात. माझी एक विद्यार्थिनी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली, ट्रंपेट वाजविते. बाकीची मंडळी ज्याला जे झेपेल ते हाती घेतात आणि मी वडिलांचे जुने कॉर्नेट घेऊन मध्ये उभा असतो. कोणाला काही मिळत नाही. उलट व्हॉल्व्हच्या तेलाची वर्गणी द्यावी लागते. तालीम एका शाळेच्या दिवाणखान्यात होते, कारण घरी वाजविले तर शेजारी दुसऱ्या दिवशी बोलेनासे होतात.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी वरपक्ष दारात आला आणि आम्ही भूपातली एक साधी गत धरली. ती जमलीही. एवढ्यात वरपक्षाकडील एक काका पुढे आले. त्यांनी पन्नासाची नोट काढली, ट्रंपेटवाल्या मुलीच्या डोक्याभोवती ओवाळली आणि ट्रंपेटच्या कर्ण्यात खोचून दिली. मुलीचा सूर घुसमटला. गर्दीतले दोघे-तिघे हसले. काकांच्या मनात वाईट काही नव्हते. बँड दिसला की नोट ओवाळावी, एवढेच त्यांना ठाऊक. पुढे पंगतीच्या वेळी वाढपी आम्हाला म्हणाला, "बँडवाल्यांचे मागे, मांडवाच्या बाजूला." यजमानांच्या कानावर हे गेले तेव्हा ते ओशाळले आणि त्यांनी हाताला धरून आम्हाला पुढे आणले. पण घास काही गोड लागला नाही.

परत येताना युफोनियमवाले गृहस्थ उसळून म्हणाले, "मास्तर, आम्ही काय बँडवाले आहोत?" सर्वांनी माना डोलावल्या. माझीही मान डोलली. मुलीच्या आईने तर तिथल्या तिथे सांगून टाकले, "सर, उद्यापासून ती येणार नाही. रागावू नका, पण हे आम्हाला शोभत नाही."

घरी आलो, कॉर्नेटची पेटी उघडली, आणि डोलावलेल्या मानेची लाज वाटली.

माझे वडील संस्थानी बँडात कॉर्नेट वाजवीत. १९४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते नोकरीस लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, संस्थान गेले, आणि संस्थानाबरोबर बँडाची पोटगीही गेली. वडील रेल्वेत कारकून झाले. लालागुड्याला रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर मंडळी संध्याकाळी हौसेने वाजवीत बसत, त्यांच्यात ते जात. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. माझ्या हाती त्यांनी कॉर्नेट दिले ते मी नऊ वर्षांचा असताना.

एक गोष्ट मात्र त्यांनी आमच्या आळीत कोणाला सांगितली नव्हती. निवृत्तीनंतर लग्नसराईत ते रात्री शहरातल्या बँडपार्टीत वाजवावयास जात. पेन्शनीत भागत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण असे, की वाजविल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कॉर्नेट कापडी पिशवीत घालून, वर भाजीची जुडी ठेवून ते निघत. तांबडा कोट आणि झुपकेदार टोपी तिकडेच चढवीत. एकदा वरात निघाली ती नेमकी आमच्या ओळखीच्या मराठी घराची. मी घाबरून विचारले, "बाबा, त्यांनी ओळखले नाही?" ते म्हणाले, "बँडवाल्याचे तोंड कोण पाहतो रे? ते तर वाद्याच्या मागे असते."

त्या घरी दुसऱ्या दिवशी आम्हाला जेवणाचे बोलावणे होते. वडील धोतर-कोट घालून पहिल्या पंगतीस बसले. आदल्या रात्री त्यांच्याच दारात दोन तास उभे राहून वाजविणारा माणूस तो हाच, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आपल्या घरांतून तंबोरा आहे, पेटी आहे, तबला आहे. पितळी वाद्य मात्र नाही. याचे कारण शोधू गेले तर ते सुरात सापडत नाही, ओठात सापडते. ओठ लावावयाचे वाद्य म्हणजे उष्टे, ही समजूत जुनी. बासरीला देवाचे नाव लागले म्हणून ती सुटली. सनई, शिंग, कर्णा, तुतारी ही मंगलकार्याला हवीत, पण ती फुंकणारा माणूस ओसरीच्या खाली. ते काम गुरव, घडशी, होलार, मांग अशा समाजांकडे सोपविले, आणि सोपविले म्हणून कमी लेखिले. केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली ती १८९३ साली. ती कविता आपल्या किती घरांत तोंडपाठ आहे! पण त्या घरांतल्या किती मुलांनी खरी तुतारी हाती धरली असेल?

वस्तुतः हे वाद्य गवयाच्या फार जवळचे आहे. यात सूर पितळ देत नाही, ओठ देतात. माऊथपीसच्या वाटीत ओठ थरथरतात, नळी तो थरथराट मोठा करते. साध्या नळीत ओठ आवळत गेले तर षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार असे मोजकेच सूर निघतात. बिगुलाचे आणि तुतारीचे भांडवल एवढेच. १८१८ साली जर्मनीत व्हॉल्व्हचे पेटंट निघाले आणि मधल्या जागा भरल्या. तीन खुंट्या असतात. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका स्वराने, तिसरीने दीड स्वराने. बाकी सारे दम आणि ओठ. वडील मला सहा महिने गत शिकवीनात. पहाटे उठून एकेक सूर श्वास संपेपर्यंत लांबवावयाचा, एवढेच काम. "गवयाने खर्ज भरावा तसा तू हा भर," असे ते म्हणत. मींड या खुंट्यांवर सहज येत नाही. ती ओठांनी आणि अर्धी खुंटी दाबून चोरावी लागते. दरबारीचा गंधार मी हट्टाने काढू लागलो की ते हसत. "दरबारी दरबारात राहू दे, तू भूप वाजव."

पितळी वाद्यांना आपल्या संगीताने कधी जवळ केलेच नाही, असेही नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, आणि मौलाबक्षांचे चिरंजीव लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्त्य संगीत शिकून आले. मैहरचे अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यास लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तराजवळ शिकले. पुढे १९१८ च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना जमवून त्यांनी मैहर बँड उभा केला. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांची गोष्ट तर आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. 'वंदे मातरम्' बँडावर नीट वाजत नाही, असा आक्षेप निघाला, तेव्हा भास्करबुवांचा हा शिष्य मुंबईच्या पोलिस बँडाकडे गेला, त्यांच्याकडून गीत बसवून घेतले आणि दिल्लीकरांस ऐकविले. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय 'जन गण मन'च्या बाजूने लागला आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. पण एवढा मोठा गवई बँडवाल्यांच्या दारी शिकावयास आणि शिकवावयास गेला, हे मला निकालापेक्षा मोलाचे वाटते.

विलायतेत खाणकामगारांचे आणि गिरणीकामगारांचे हौशी ब्रास बँड दीडशे वर्षांहून जुने आहेत. दिवसा कोळसा काढावयाचा आणि संध्याकाळी कॉर्नेट वाजवावयाचे, अशी त्यांची रीत. ग्रिमथॉर्प गावच्या खाणीचा बँड १९१७ चा. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने खाणी बंद करण्याचे जाहीर केले, त्यात ग्रिमथॉर्पही होती. त्याच महिन्यात या बँडाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. खाण गेली, बँड आजही आहे. तिकडे वाजविणारा आणि राबणारा माणूस एकच, म्हणून 'आम्ही काय बँडवाले आहोत?' हा प्रश्न तिथे उपजलाच नाही. आपल्याकडेही पुण्याचे उदाहरण आहे. विसर्जन मिरवणुकीत सोलापूरकर मंडळींचा प्रभात बँड आला की लोक त्याला नावाने ओळखतात आणि थांबून ऐकतात. मान द्यावयाचा म्हटले तर देता येतो, याचा हा पुरावा.

पुढच्या रविवारी तालमीत मी वाद्ये पेटीबाहेर काढू दिली नाहीत. भाजीच्या जुडीखालच्या कॉर्नेटची हकीकत सांगितली. म्हटले, "नोट खोचली याचा राग मलाही आला. पण आपण रागावलो ते नोटेवर नव्हे. आपल्याला बँडवाले समजले, यावर रागावलो. मग ज्यांना रोज तसे समजतात त्यांचे काय? आपल्याला वाद्य हवे, त्याचा आवाज हवा, आणि ज्यांनी ते शंभर-सव्वाशे वर्षे रस्त्यावर जिवंत ठेवले त्यांची जात मात्र नको, ही कसली हौस?" युफोनियमवाले बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, चुकले. पण चालता चालता वाजविता येते ते त्यांनाच. आपल्याला उभे राहूनही धाप लागते." हसे झाले आणि कोंडी फुटली.

या बोलण्यातूनच पुढचे सुचले. जुन्या शहरात वडिलांच्या बरोबरीने वाजविलेले एक वृद्ध उस्ताद अजून आहेत. बँडाचे काम आता डीजेने बरेच खाल्ले, त्यामुळे ते घरीच असतात. त्यांना बोलावून आणले. त्यांनी आमचे वाजविणे ऐकून घेतले आणि फक्त म्हणाले, "मियाँ, होठ इत्ता नक्को दबाओ. पैले पाँव मिलाओ, सुर बाद में." आपलाच 'नको' त्यांच्या तोंडी 'नक्को' होऊन आलेला ऐकून मंडळींना मौज वाटली.

आम्ही मैदानात चालू लागलो. पाच पावलांत माझा दात ओठात रुतला. चालताना टाच आपटली की धक्का थेट माऊथपीसपर्यंत येतो. म्हणून गुडघा किंचित सैल ठेवून पाऊल आधी चवड्यावर उतरवावयाचे आणि वाद्य मानेने नव्हे, कोपरांनी तोलावयाचे. श्वास पावलांच्या मापाने घ्यावयाचा, आणि साऱ्यांनी एकाच वेळी घ्यावयाचा नाही, नाहीतर सूर मध्येच तुटतो. हे कोणत्याही पुस्तकात मी शिकलो नव्हतो. उस्ताद हे करीत अर्धे आयुष्य चालले, तेही भर उन्हात, मेरठहून आणलेले जड पितळ खांद्यावर घेऊन आणि नोटेशनचा कागद न पाहता.

मुलीच्या घरी मी गेलो नाही. मुलीने आपणच आईला ती हकीकत सांगितली असावी. तिसऱ्या रविवारी आई स्वतः मुलीला घेऊन आल्या आणि तालीम होईपर्यंत दारात बसून राहिल्या. जाताना त्यांनी उस्तादांना डब्यातल्या पुरणपोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "चाचा, हिचे पाऊल नीट पडू द्या." त्याहून अधिक बोलणे झाले नाही आणि ते बरेच झाले.

पाडव्याच्या सकाळी आमचा बँड विद्यानगरातून फिरला. पुढे उस्ताद, मागे आम्ही नऊ. देसातली गत दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. लग्न झालेल्या त्याच घरी थांबलो. या वेळी दहाही पाने एका ओळीत मांडली होती. यजमानांनी उस्तादांच्या पानाशी स्वतः बसून वाढले.

ती पन्नासाची नोट मुलीने मला परत आणून दिली होती. तिच्यात भर घालून व्हॉल्व्हचे तेल आणले. तेवढ्यात तेलाची एक बाटलीसुद्धा येत नाही, हे त्या काकांना कळले तर तेही हसतील.

वाचकांस एक विनंती करून पुरे करतो. लग्नसराई पुन्हा येईल, आपल्या दारावरून बँड जाईल. नोट ओवाळावी की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण वाद्यामागच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा पाहावे, आणि गत संपल्यावर त्याला तांब्याभर पाणी द्यावे. दोन तास फुंकल्यावर ओठ किती सुकतात, हे मी वडिलांच्या ओठांवर पाहिले आहे.