लाल सिलिंडर भिंतीवर आहे, पण पिन कोण ओढणार?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न असली, तरी त्यांचे धोके फोर्टातल्या किंवा कलिन्यातल्या इमारतींसारखे नाहीत. इथे भिंतीपलीकडे आनंदनगर, मोरिवली, माणकिवली, खरवईच्या औद्योगिक वसाहती आहेत आणि पावसाळ्यात उल्हास आणि वालधुनी या नद्या आहेत. शिवाय प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात रसायनांची स्वतःची खोली असतेच. असं असूनही आपत्कालीन तयारी म्हटलं की कर्मचारीवर्गात ठरावीक वाक्यं ऐकू येतात. ती मनापासून बोलली जातात, म्हणून ती नीट तपासायला हवीत.

गैरसमज : सिलिंडर लावलेत, फॉर्म ‘बी’ दिलाय, आम्ही तयार आहोत.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तोच हा फॉर्म ‘बी’. तो हवाच. पण यंत्र चालतं एवढंच त्यातून कळतं. ते चालवणारा माणूस मजल्यावर आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

नेहमीचा सहा किलोचा पावडरचा सिलिंडर हातात घेऊन बघा. पिनेला प्लॅस्टिकचं सील असतं, ते तोडूनच पिन ओढायची. नळी आगीच्या बुडाशी धरायची, ज्वाळांवर नाही. आगीपासून साधारण दोन मीटर अंतर ठेवून दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत संपतं. ज्याने कधी दांडा दाबलेला नाही, त्याचे पहिले पाच-सात सेकंद पिनेशी झटण्यात जातात आणि नंतर पावडर धुरावर वाया जाते. कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठीच हे साधन आहे. आग त्यापेक्षा मोठी झाली असेल, तर दार ओढून घेऊन माणसं बाहेर काढायची.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पावडरच्या सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे शिपाईसुद्धा जाता-येता पाहू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला असा काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. संगणक कक्षात आणि विजेच्या पॅनेलजवळ हाच असावा, कारण पावडर यंत्रांच्या आत शिरून त्यांचं नुकसान करते. मात्र त्याचा काळा भोंगा उघड्या हाताने धरू नये. बाहेर पडणारा वायू इतका थंड असतो की कातडी भाजल्यासारखी होते.

सिलिंडरपेक्षाही मोठी काळजी दुसऱ्या जिन्याची आहे. चोऱ्या होतात, बाहेरची मुलं शिरतात, म्हणून मागच्या जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप लावायची पद्धत सगळीकडे रुळली आहे. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन गेटवर! 24 मे 2019 रोजी सुरतच्या एका व्यापारी संकुलातल्या शिकवणी वर्गात आग लागली तेव्हा खाली उतरायची वाट बंद झाली. मुलांनी वरून उड्या मारल्या आणि त्या दुर्घटनेत वीसहून अधिक जीव गेले. कॉलेज भरलेलं असताना ते कुलूप निघालंच पाहिजे. यात तडजोडीला जागा नाही.

गैरसमज : आग कुठलीही असो, पाणी मारा.

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत लॅसेनची चाचणी असते. त्यासाठी सोडियम धातूचे तुकडे तेलात बुडवून बाटलीत ठेवलेले असतात. वाटाण्याएवढा तुकडा सिंकमध्ये पडला, तरी पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. अशा आगीवर पाणी तर चालत नाहीच, कार्बन डायऑक्साइडही चालत नाही. तिच्यावर कोरडी वाळूच टाकायची. म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाळूची बादली हे खरं उपकरण आहे. तिच्यात चहाचे कप आणि कागदाचे बोळे साठलेले असतील किंवा पावसात वाळू ओली झाली असेल, तर ती बादली असून नसल्यासारखी.

विजेच्या आगीत आधी मेन स्विच बंद करायचा. तो कुठे आहे, हे प्रयोगशाळा परिचराला माहीत असतं, विभागप्रमुखाला बहुधा नसतं.

डोळ्यात आम्ल उडालं तर धावपळ दवाखान्याची नको, आधी पाण्याची. निदान पंधरा मिनिटं सतत डोळे धुवायचे, तेही पापण्या उघड्या धरून. रिक्षा शोधण्यात गेलेली मिनिटं डोळ्याला महागात पडतात.

गैरसमज : वायुगळती झाली की ओला रुमाल तोंडाला लावून बाहेर पळायचं.

या पट्ट्यात हा सगळ्यात धोकादायक समज आहे, कारण वायुगळती इथे कल्पनेतली गोष्ट नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठावरच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. जून 2021 मध्ये बदलापूरला एका कारखान्यातून रात्री वायू पसरला. सप्टेंबर 2024 मध्ये अंबरनाथवर रासायनिक धूर उतरला आणि लोकांचे डोळे, घसे चुरचुरले. ही वेळही रात्रीची होती, महाविद्यालयं रिकामी होती. सप्टेंबर 2023 मध्ये शहाडच्या कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले, तो मात्र दिवसाढवळ्या. वर्ग भरलेले असताना वायू आला तर काय करायचं, याचं उत्तर आजच तयार हवं.

बाहेरून वायू येत असेल, तर बहुतेक वेळा आतच थांबणं सुरक्षित. खिडक्या-दारं लावायची, पंखे आणि एसी बंद करायचे, दाराखालच्या फटीत ओली फडकी कोंबायची. प्रयोगशाळेतला फ्यूम हूड आणि एक्झॉस्ट फॅन आठवणीने बंद करायचे, कारण ते आतली हवा बाहेर फेकतात आणि तेवढीच बाहेरची विषारी हवा फटींतून आत ओढून घेतात. हुशार माणसंही इथेच चुकतात. वास आला की हात आपोआप एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून तो जमिनीलगत आणि तळघरात साचतो. अशा वेळी मुलांना वरच्या मजल्यावर न्यावं. बाहेर पडायची सूचना आलीच, तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जात ढगातून बाहेर पडायचं. वारा कुठून कुठे वाहतो, हे गच्चीवरच्या झेंड्याकडे पाहून कळतं.

कोविडपासून कपाटात पडून असलेले एन-95 मास्क धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत. ओला रुमालही भरवशाचा नाही.

एक हक्क मात्र कर्मचाऱ्यांनी वापरायला हवा. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या केंद्रीय नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करावं, काय करू नये, हे सांगणं बंधनकारक आहे. प्राचार्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पत्र लिहून आपल्या परिसरातल्या कारखान्यांची ही माहिती मागवावी. आपल्या शेजारी अमोनिया आहे की क्लोरीन, हे माहीत नसताना केलेला सराव अर्धाच.

गैरसमज : पाऊस वाढला की लवकर सोडून दिलं, म्हणजे आपली जबाबदारी संपली.

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. गाडीतून उतरू नका, असं रेल्वेचं आवाहन होतं. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्या पाण्यात कोणी उतरलं असतं, तर गोष्ट निराळी झाली असती. कॉलेज सोडण्याच्या निर्णयालाही हाच हिशेब लावायला हवा. सोडायचं असेल तर मुलं घरून निघण्याआधी, सकाळीच कळवावं. रुळांवर पाणी आल्यावर दुपारी दोनला गेट उघडून हजार मुलांना स्टेशनवर पाठवणं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची 17.50 मीटर आहे. कर्जत-नेरळकडची मुलं असलेल्या महाविद्यालयात पावसाळ्यात हा आकडा रोज सकाळी पाहणारा एक माणूस नेमलेला असावा. आणि थांबवायचंच ठरलं, तर प्यायचं पाणी, विजेऱ्या, वरच्या मजल्यावरची जागा आणि मधुमेही सहकाऱ्यांसाठी काही खायला, एवढं तरी हाताशी हवं.

गैरसमज : हे काम एनएसएसच्या मुलांचं.

‘आव्हान’ शिबिरांतून एनएसएसचे विद्यार्थी फार चांगलं शिकतात. त्यांना एनडीआरएफचे जवान शिकवतात. पण ती मुलं तीन वर्षांत कॉलेज सोडून जातात. पंचवीस वर्षं तिथेच राहतात ते ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर, लिपिक, शिपाई. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं सगळ्यात खाली असतात, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची तर नसतातच. अनेक ठिकाणी वर्गात मुलांसमोर उभे असतात ते हेच. सकाळचं सत्र, संध्याकाळचं सत्र, सफाईचे कंत्राटी कामगार, कॅन्टीनवाला आणि वॉचमन, सगळे यादीत हवेत.

यासाठी खर्च फार नाही. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांच्या अग्निशमन विभागाला किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राला पत्र देऊन प्रात्यक्षिक मागता येतं. सिलिंडर रिफिलिंगला जाणारच असतात. ते तसेच न पाठवता आधी मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये आग पेटवून प्रत्येकाकडून एकदा दांडा दाबून घ्यावा. त्याच दिवशी छातीदाबाचा सराव व्हावा : मिनिटाला 100 ते 120 दाब, निदान पाच सेंटिमीटर खोल. स्टेशनजवळच्या गर्दीतून 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत हे दाब देणारा माणूस कॉलेजमधलाच असणार आहे. पहिला सराव जूनमध्ये, नव्या मुलांचे वर्ग सुरू होण्याआधी घ्यावा. दुसरा जानेवारीत, न सांगता आणि प्रात्यक्षिकं चालू असताना.