इंजिन बंद पडल्यानंतरचा पहिला सेकंद

२१ जून १९७२. दक्षिण फ्रान्समधल्या इस्त्र इथून झाँ बुले या चाचणी वैमानिकानं ‘लामा’ हेलिकॉप्टर उडवलं आणि १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! तिथल्या जीवघेण्या थंडीत इंजिन बंद पडलं ते पडलंच. एवढ्या उंचीवरून बुले इंजिनाविना खाली आले आणि सुखरूप उतरले.

इंजिन गेलं की हेलिकॉप्टर कोसळणारच, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये एकाच दिशेनं पकड घेणारा क्लच असतो. इंजिन मंदावलं की ही पकड सुटते, रोटर मोकळा होतो. खाली येताना हवा पात्यांमधून वर जाते आणि जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी त्यांना फिरवत ठेवते. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात.

मात्र त्यासाठी वैमानिकानं पहिल्या एक-दोन सेकंदांतच हात चालवायला हवा. उड्डाणात पात्यांचा कोन मोठा असतो. इंजिनाचा जोर गेला की हवेच्या विरोधामुळे त्यांची गती झपाट्यानं उतरते आणि एका मर्यादेखाली गेली तर परत मिळत नाही. म्हणून डाव्या हाताशी असलेला ‘कलेक्टिव्ह’ दांडा तत्काळ खाली घ्यावा लागतो. त्यानं सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी होतो. तेव्हा विचाराला सवड नसते. प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात ते त्यामुळेच.

मग मिनिटाला दीड-दोन हजार फूट खाली येता येताच जागा हेरायची. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि शेवटच्या काही फुटांवर तोच दांडा वर ओढायचा. फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जा एकदाच वापरता येते. घाई केली तर ती हवेतच संपते, उशीर झाला तर हेलिकॉप्टर आदळतं.

सियाचीनला रसद पोहोचवणारं आपलं ‘चीता’ हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बनवलेलं लामाच. त्यालाही इंजिन एकच. तिथल्या वैमानिकांसाठी ही विद्या म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न आहे.

उंची आणि वेग दोन्ही नसतील, तर मात्र निष्णात वैमानिकाचेही हात बांधले जातात. मोकळ्या हेलिपॅडवरून हेलिकॉप्टर उडताना कधी पाहिलंत, तर नीट बघा: ते सहसा सरळ वर चढत नाही. नाक किंचित झुकवून आधी जमिनीलगत वेग घेतं, मग उंची. इंजिनानं दगा दिलाच तर उतरायला लागणारा वेग वैमानिक आधीच गाठीशी बांधत असतो.